कापराचं गाव कुठलं

आमच्याकडची नबाबी संपून संस्थान देशात विलीन झालं त्या सुमारास मी म्हसळ्यात स्वतःच्या हिमतीवर दुकान टाकलं. कापराच्या डब्यात मिरीचे दाणे टाकायचे, नाहीतर माल उडून जातो, एवढंच शिकून मी त्या धंद्यात पडलो होतो. किनाऱ्यावरच्या एका मोठ्या देवळाचा वर्षाचा कापूर माझ्याकडून जाई. ते गिऱ्हाईक मी फार खटपटीने मिळवलं होतं. देऊळ घेतं म्हणून बाकीची गावंही माझ्याकडे येत.

देवळाचे मुख्य पंच एक निवृत्त गुरुजी. एका वर्षी ते भावावर अडून बसले. "तुझा माल परदेशी. देवाला आपलाच कापूर हवा. कर्पूर! शब्दच बघ, अस्सल आपला."

"गुरुजी, कापराचं झाड आपल्या कुठल्या वाडीत आहे? दिवेआगरात? नारळी-पोफळीच्या मध्ये?"

दुकानात जहाजावरून रजेवर आलेला एक मुसलमान खलाशी बसला होता. तो म्हणाला, "शेट, तिकडे पूर्वेला सायगॉनच्या बंदरात कंबोडियाचे हमाल कापोरच म्हणतात. मला वाटलं, हे मराठी कधी शिकले!"

सगळे हसले. गुरुजी चिडले. "त्यांनी आपल्याकडून उचलला असेल."

"वस्तू त्यांच्या बाजूची आणि नाव आपण पाठवलं? गोणी रिकामी, शिक्का मात्र आपला?" मी विचारलं.

आमच्या धंद्याची रीत अशी की भाव आपला राखायचा आणि बोलण्यात गिऱ्हाइकाला जिंकू द्यायचं. मी जिंकू दिलं नाही. का द्यावं? कंबोडियाची भाषा आणि आपल्याकडची संथाळी, खासी एकाच कुळातल्या, आणि संस्कृतातला कर्पूर बहुधा त्या कुळातूनच आला, असं भाषेचे काही जाणकार मानतात, हे मी पुढे वाचलं. म्हणजे बरोबर मीच होतो.

पुढच्या वर्षी देवळाने कापूर तळा गावच्या व्यापाऱ्याकडून आणला. मला निरोपसुद्धा नाही.

उत्सवाला मी मुद्दाम गेलो. आरतीचं ताट गुरुजींच्याच हातात होतं. ज्योतीवरून हात फिरवून मी डोळ्यांना लावला आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणालो, "गुरुजी, ताटात राख उरलीय. चांगला कापूर मागे काही ठेवत नाही."

"पुढे व्हा," गुरुजी म्हणाले.