फटफटी ट्रॉलीत आणि मी फटफटीवर

अर्धापूर सोडलं त्या पहाटे आमच्या ट्रॉलीत सगळ्यात वर उभी होती ती फटफटी. खाली लोखंडी कपाट, गाद्यांच्या वळकट्या, पितळेचं घंगाळ आणि आत्याबाईंनी ओल्या पोत्यात गुंडाळून दिलेला केळीचा मुनवा, म्हणजे लावायचा कोंब. त्या पसाऱ्याच्या मधोमध ही बाई, केळीच्या वाळल्या सोपटांनी चहूकडून करकचून बांधलेली, गळ्यात झेंडूचा हार, दिव्यावर विभूतीचे तीन पट्टे. नवरीगत. आणि नवरीच्या बापाला शोभेल असं तोंड करून आमचे हे बाजूला उभे.

तुम्ही जे अर्धापुरात राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे उठून लातूर-पुणे-हैदराबादेला गेलात, तुम्ही सगळ्यांनी ही गोष्ट ऐकलीय. लग्नाकार्यात कुणीतरी सांगतंच, की आमच्या काकूनं नांदेडहून लातूरला फटफटी चालवत नेली. खोटं नाही ते. फक्त निम्म्याहून जास्त वाट फटफटी ट्रॉलीत होती, एवढं सांगायचं मी आजवर टाळत आले. विचारलं नाही कुणी, मग मी कशाला सांगू?

त्या साली विहिरींनी तळ दाखवला होता. अर्धापूरची केळी म्हणजे पाण्याची लेक. पाणी गेलं तशा बागा उभ्या उभ्या पिवळ्या पडल्या. आणि त्याच सुमारास लातूर नवा जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी हपिसं, नव्या खुर्च्या आणि खुर्च्यांपुढं टायपिंगची नवी यंत्रं. लग्नाआधी नांदेडला मावशीकडं राहून मी मराठी टायपिंग शिकले होते. ते कधी कुणाच्या कामाला येईल असं माझ्यासकट कुणालाच वाटलं नव्हतं. आणि मला ऑर्डर आली. अमुक तारखेला हपीस सुटायच्या आत हजर व्हा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. घरातल्या सगळ्या विहिरी आटल्या होत्या आणि हा एकच नळ सुटला होता.

आमचे हे तेव्हाच म्हणाले, "चल, बस मागं. दुपारपर्यंत लातुरात."

त्यांचं बरोबर होतं. केळीच्या चांगल्या दिवसांत घेतलेली ती फटफटी, तिच्यावर हा माणूस पार बिदरपर्यंत जाऊन आलेला. पण मी कोण? सरकारी टायपिस्ट. तेवीस वर्षांची, आणि डोक्यात वारं शिरलेली. माझे वडील, दादा, म्हणायचे, "जिथं जाशील तिथं वाजत गाजत जावं." ते मी फार मनावर घेतलं होतं. नव्या जिल्ह्यात सरकारी बाईनं धुळीनं माखून, नवऱ्याच्या पाठीला धरून उतरायचं? छे. कपाट पाहिजे, घंगाळ पाहिजे, आणि घरी फटफटी आहे हे शेजाऱ्यांना पहिल्याच दिवशी दिसायला पाहिजे. तीही चकचकीत, चाकाला माती न लागलेली.

"फटफटी बसायला अस्ती गं," हे कळवळून म्हणाले. "बसवून न्यायला न्हाई."

"लातुरात गेल्यावर बसा की," मी म्हणाले.

तरी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढनं न उठता बोलल्या होत्या, "बाई, माणसानं पुढं जावं. सामान मागून येतंय." मला वाटलं टोमणा मारला. मी घंगाळ आणखी घासलं.

पण दुष्काळात ट्रॅक्टर मोकळा कुठं मिळतो? पंचक्रोशीतले सगळे ट्रॅक्टर पाण्याचे टँकर ओढत होते. आज मिळेल, उद्या मिळेल करता करता हजर व्हायचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा कुठं रहीमभाई टँकर सोडून आमची ट्रॉली जोडायला आले. ते आमच्या आळीतलेच, ट्रॅक्टरवर जन्म काढलेले. त्यांनी फटफटी बघितली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "भाभी, घोडा भी है, सवार भी है, फिर पालकी कायको?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. ते मला तेव्हाही चांगलं जमायचं.

ट्रॉलीत माझ्यासाठी जागा म्हणून उरली नव्हती. सामानात पाय ठेवायची पंचाईत. तेव्हा मी सरळ फटफटीच्या सीटवर चढून बसले. नांदेड मागं पडलं, गोदावरी ओलांडली. विष्णुपुरीला धरणाचं काम चालू होतं, तिथले मजूर हातातलं घमेलं तसंच धरून बघत राहिले. ट्रॅक्टर आपल्या चालीनं चाललाय, मागं ट्रॉली, ट्रॉलीत फटफटी आणि फटफटीवर पदर खोचून एक बाई. कुणीतरी शिट्टी वाजवली. लाजावं का हात हलवावा ते मला ठरवता येईना, म्हणून मी हॅंडल धरलं.

"काय करून राहिलीस?" हे वळकटीवर बसून मघापासून रुसलेले.

"चालवून राहिले."

रुसवा किती वेळ टिकणार? लोहा जाईपर्यंत हे उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "अशी न्हाई. डाव्या हातची मूठ दाब. आता पायानं गिअर टाक. मूठ हळू सोड, हळू, कबुतर सोडल्यागत. उजव्या हातानं थोडं पाणी दे तिला." पाणी म्हणजे ॲक्सिलेटर. दुष्काळातल्या माणसाला दुसरा शब्द सुचत नव्हता. इंजिन बंद, पेट्रोलचा नळ बंद, आणि मी पहिला टाकतेय, दुसरा टाकतेय, तिसरा टाकतेय. गाव आलं की तोंडानं फटफट आवाजही काढायची. अहमदपूर येईपर्यंत माझी अशी समजूत झाली की मला फटफटी येते. वळण आलं की मी हॅंडल वळवायची आणि रस्ता आपोआप वळायचा. ट्रॉलीत बसलेल्या माणसाची हीच गंमत असते. ओढणारा दुसरा असतो, आणि आपल्याला वाटतं आपणच चाललोय.

चाकूरच्या अलीकडं ट्रॉली एका खड्ड्यात गेली, कुठूनतरी लोखंड ओरडलं आणि उजवीकडचं चाक आत बसलं. ट्रॉली कलली. मी हॅंडलला मिठी मारली. फटफटीला काही झालं नाही, सोपटं पक्की होती. पण तिला सावरायला म्हणून हे धावले आणि त्यांचा पाय घंगाळात. उजवा घोटा असा मुरगळला, की खाली उतरवलं तेव्हा त्यांना पाय टेकवेना. माझं वाजत गाजत जाणं ते हे.

रहीमभाई चाकाखाली वाकून बघून आले. "आज का काम नहीं ये. चाक काढून चाकूरला न्यावं लागंल."

सूर्य डोक्यावरून कलला होता. एक यष्टी आली, टपापर्यंत माणसं. त्या दिवसांत सगळा मुलूखच कामाच्या शोधात निघाला होता. ड्रायव्हरनं हात हलवला आणि ती तशीच गेली. पुढची संध्याकाळी. मी रस्त्यात उभी. हपीस सुटलं की नोकरी सुटली, आणि अर्धापुरात कोरड्या विहिरीच्या काठावर माझ्या पगाराची वाट बघत बसलेली माणसं. सगळं कशापायी, तर घंगाळ.

मी रहीमभाईंना म्हणाले, तुम्ही चालवा, मला सोडून या. त्यांनी कानाला हात लावले. "चार पहिये दो, पहाड पे चढाता. दो पहिये पे मैं नहीं बैठता भाभी, गिर जाता."

रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत बसल्या होत्या. मघाशी मी तोंडानं फटफट करत आले ते त्यांनी लांबून बघितलेलं. त्यातली एक, माझ्याच वयाची, हातोडी मांडीवर ठेवून म्हणाली, "अवं बाई, वर बसून लई चालवत हुतीस. आता खाली चालवून दाव की."

बाकीच्या हसल्या. मीही हसले असते, पण मला एकदम आठवलं की लहानपणी भावाची सायकल मला यायची. तोल होता, आणि गिअर सबंध लोहा-अहमदपूरभर टाकले होते. मी ह्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत होते, आणि पहाटेपासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर उजेड होता.

त्याच बायांनी हात लावून फटफटी फळ्यांवरून उतरवली. पिशवीत ऑर्डर होती ती मी कमरेला खोचली, लुगडं आवळलं. हे मागं बसले, दुखरा पाय लोंबता ठेवून. किक मारली रहीमभाईंनी, तीही ट्रॅक्टरला लाथ घालावी तशी. ती सुरू झाली आणि ह्यांनी माझ्या कानात सांगितलं, "एक ध्यानात ठेव. थांबलीस आन् ती बंद पडली, तर किक मारायला कुणी न्हाई. माझा पाय गेला, तुझ्यात तेवढं वजन न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे थांबायचं न्हाई."

ते एका अर्थी बरंच झालं. थांबायचं कसं ते ट्रॉलीत शिकायचं राहूनच गेलं होतं. तिथं थांबायचं काम रहीमभाईंचं.

पहिला टाकला. मूठ सोडली, कबुतर सोडल्यागत. कबुतर जरा जोरात उडालं. खडीवरच्या बाया ओरडल्या, मी रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले आणि परत आले. आता हॅंडल वळवलं की रस्ता नाही, मी वळत होते. एवढीच साधी गोष्ट. दुसरा टाकला. तिसरा. चाकूर कधी गेलं कळलं नाही. एक म्हैस आडवी आली, तिला मी दुरूनच हात जोडले असते, पण हात मोकळे नव्हते. तिनं आपणहून वाट दिली. तोंडात धूळ, डोळ्यांतून पाणी, केसांचं घरटं झालेलं. ज्या धुळीला घाबरून मी ट्रॉली मागवली ती सगळी माझ्या अंगावर आली. आणि मागं बसलेला माझा नवरा, घोटा सुजलेला, गाणं म्हणत होता.

लातुरात शिरलो तो थेट गंजगोलाईत. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, हा गोल बाजार आहे आणि त्याला सोळा रस्ते येऊन मिळतात. माझ्याजवळच्या ऑर्डरीत हपिसाचं नाव होतं, रस्ता नव्हता. थांबून विचारायची सोय नव्हती. मग काय, मी गोलाईला फेरी मारायला लागले. मिरच्यांच्या दुकानाच्या पायरीवर कपाळभर विभूती ओढलेले एक म्हातारे आप्पा बसलेले. त्यांच्यासमोरून जाताना मी ओरडले, "आप्पा, नवं हपीस कुठंशीक हाय?"

"कोणतं हपीस?" त्यांनी विचारेपर्यंत मी पुढं गेलेली.

दुसऱ्या फेरीला सांगितलं, "जिल्ह्याचं."

"आक्का, जरा थांब की."

"थांबता येत न्हाई, आप्पा."

तिसऱ्या फेरीला आप्पा पायरीवर उभेच होते, धोतर सावरून, तयारीत. "ह्यो सोड, पुढचा रस्ता. सरळ जा, पिंपळापाशी डावीकडं." पण सोळांतला 'ह्यो' कोणता हे कळेस्तोवर तो मागं पडला. चौथ्या फेरीला आले तर भुसारवाले, कापडवाले, भांडीवाले, सगळे आपापल्या पायरीवर. आणि त्या रस्त्याचं तोंड आलं तसा सगळ्या बाजारानं एकदम हात केला. अख्ख्या गावानं वाट दाखवलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

पिंपळापासून डावीकडं वळले तर हपीस. नव्या भिंती अर्ध्याच उभ्या, पुढं वाळूचा मोठा ढीग. मला थांबायचा तेवढा एकच मार्ग दिसला. ढिगात शिरले. फटफटी एक उचकी देऊन बंद पडली. शिपाई दाराला कुलूप घेऊन उभा होता, तो तसाच राहिला.

आत हेडक्लार्कनं चष्म्यावरून बघितलं. केसांत वाळू, तोंड खडूसारखं पांढरं. "टायपिस्ट?"

"हो."

माझ्या मागं, बाजूला बघत त्यांनी विचारलं, "सामान?"

"मागून येतंय," मी म्हणाले, आणि सही केली. आत्याबाई चुलीपुढून हसत असल्याचं मला तिथपर्यंत ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी रहीमभाई ट्रॉली घेऊन आले तेव्हा घंगाळाला पोचा पडलेला होता. म्हणाले, "भाभी, चालवता येतंय तर आधी सांगायचं ना. फुकट इत्ता वजन खींचा मैं." मुनवा मात्र जगला. भाड्याच्या खोलीमागं, भांडी धुतलेल्या पाण्यावर. पुढं पाऊस परतला तसा ह्यांनी अर्धापूरची केळी लातुरात विकायचा धंदा धरला, मी त्याच हपिसातून हेडक्लार्क होऊन निघाले, घर झालं. पुढं एका उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली तेव्हा धाकट्या दिरांनी फोन केला, "वहिनी, दुष्काळाला भिऊन गेलात आन् त्याच्याच मांडीवर जाऊन बसलात." मी म्हणाले, "या की इकडं, गाडी गार पाणी घेऊन आलीय."

आता माझी नात गौरा, विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झालेली, हैदराबादेला नोकरीला निघाली. तिच्याकडं तिची मोटारसायकल. आमचा मुलगा, म्हणजे तिचा बाप, म्हणतो ट्रकात चढवून पाठवू, पॅकिंग करून, ओरखडा नको. ती म्हणते मी चालवत जाणार. निवाडा माझ्याकडं आला. मी विचारलं, "ब्रेक येतो ना तुला?" ती हसली. तिची गाडी बटणावर सुरू होते. म्हणजे तिला कुठंही थांबता येतं. तिच्या आयुष्यातली मला हेवा वाटावा अशी तेवढी एकच गोष्ट. मी म्हणाले, "सामान ट्रकात घाला. पोरगी पुढं जाऊ दे." ह्यांना हल्ली कमी ऐकू येतं, पण हे बरोबर ऐकू आलं.

निघायच्या सकाळी मी तिच्या मागं बसले आणि म्हणाले, आधी गोलाईला फेरी मार. मिरच्यांच्या दुकानात आता त्या आप्पांचा मुलगा बसतो, तोही म्हातारा झालाय. मी दिसले की या बाजारात इतकी वर्षं एकच प्रश्न विचारतात. बापाकडून लेकाकडं गेलेला प्रश्न आहे तो. त्यानं हात वर केला. "आक्का, सापडला का पत्ता?"

माझं उत्तर ठरलेलं असतं, न्हाई बाबा, आणखी एक फेरी मारून बघते. पण गौरानं ब्रेक दाबला. गाडी त्याच्या पायरीसमोर, अगदी अलगद थांबली. इतक्या वर्षांत मी फटफटीवरून तिथं थांबले नव्हते.

मी उतरले. तिच्या दिव्यावर बोटानं विभूती ओढली, ती त्याच्याच गल्ल्यावरच्या वाटीतली. म्हणाले, "जा. मी इथनं चालत जाते घरी." तिनं एक फेरी पुरी केली, निलंग्याच्या बाजूचा रस्ता धरला आणि आवाज लांब गेला.

"सापडला," मी म्हणाले, आणि त्यानं पुढं सरकवलेल्या स्टुलावर बसले.