कडीवाले काका

काकांच्या दारात पाऊल ठेवलं की नमस्काराआधी हुकूम यायचा, "कडी लाव वं आधी." नागपूरच्या नंदनवन भागात त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. कडीवाले काका म्हटलं की ऑटोवालाही घरासमोर आणून सोडायचा. हिंगण्याच्या एका कंपनीत मशिनी दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, आणि निवृत्तीनंतर पुढच्या खोलीत टेबल मांडून ते लॅपटॉप उघडू लागले.

माझा लॅपटॉप नऊ वर्षांचा. बटण दाबावं, कुकर लावावा, दोन शिट्ट्या व्हाव्यात, तेव्हा कुठे साहेब डोळे उघडायचे. तोवर माझ्या ऑनलाइन शिकवणीतली पोरं पसार! दुकानदार म्हणाला, फेकून द्या. काकांनी लॅपटॉपला कान लावला. "आतली चकती फिरून फिरून दमली. एसएसडी टाकू. तिच्यात फिरणारं काही नसते, तं दमणार कशी? बाकी तब्येत टनाटन आहे याची."

त्यांचा दुसरा नियम: "आपली वस्तू उघडी असतानी माणसानं उठू नये." गिऱ्हाइकानं दाराजवळच्या स्टुलावर बसून राहायचं. मे महिना, धूळ येते म्हणून दार बंद, आणि ती उडते म्हणून पंखाही बंद. नागपुरात! जुन्या चकतीतलं सगळं नवीत उतरवायला तीन तास. मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत होते. काका शांतपणे एकेक बारीक स्क्रू आप्पेपात्राच्या खळग्यांत ठेवत होते, ज्या जागेचा त्या खळग्यात. "काकूंचं का हो?" मी विचारलं. "हो. आता तिचे आप्पे बंद," एवढंच म्हणाले.

कडीचं खरं कारण धूळ नव्हतंच. काकूंना विसरण्याचा आजार जडला होता. दार उघडं दिसलं की त्या निघत, आणि परतीची वाट त्यांना आठवत नसे. स्क्रूत डोळे घातले की काकांचं दाराकडे लक्ष राहत नसे, म्हणून गिऱ्हाईक तिथे बसवलेलं. चार वर्षांत काका गांधीबागेच्या बाजारापर्यंतही गेले नव्हते. बायकोची कोणी कीव केलेली त्यांना खपत नसे, म्हणून ते यातलं अक्षरही बोलत नसत. मलाही तेव्हा काही माहीत नव्हतं.

घामानं माझा जीव नकोसा झाला. काकांची मान लॅपटॉपमध्ये. मी हळूच कडी काढली, दार हातभर उघडलं आणि मोबाइल पाहत बसले. आतून काकू आल्या. नेटकं पातळ, हातात स्टीलचा डबा. माझ्याकडे पाहून हसल्या, "येते वं बाई." आणि मी शहाणीनं पाय आवरून त्यांना वाट दिली!

जरा वेळानं काकांनी मान वर केली. आधी दार पाहिलं, मग आतली खोली. "कडी कोनं काढली?" उत्तराला थांबलेच नाहीत. हातातल्या स्क्रूड्रायव्हरसकट धावले, अनवाणी, त्या पोळत्या डांबरावर. मागे मी. काकू रस्त्यापलीकडच्या जुन्या स्टॉपवर उभ्या होत्या. कंपनीची बस तिथून कधीच बंद झालेली. "यांचा डबा राहिला नं," त्या मला म्हणाल्या, "बस गेली काय वं?" काका धापा टाकत पुढे झाले. "आज कंपनीले सुट्टी आहे. चाल, घरीच जेवू." त्यांनी डबा घेतला. झाकण निसटलं, तर आत काहीच नव्हतं.

घरी येऊन त्यांनी कडी लावली, हात धुतले आणि उरलेले स्क्रू बसवले. मी शरमेनं मेले होते. "काका, माझ्यामुळं..." "तुले कुठं सांगितलं होतं मी," ते म्हणाले. मग बटण दाबत, "कंपनीत आठ घंट्यांची पाळी होती वं. ते संपली की दुसरा माणूस येत होता. इथं दुसरा येतच नाही." लॅपटॉप झटक्यात सुरू झाला. मला आनंद करायचंही सुचलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी तासभर मी ती दुसरी पाळी केली. काका तेवढ्यात भाजी घेऊन येत, तेही अर्ध्या तासात, घाईघाईनं.

यंदा होळीच्या सुमारास काकू गेल्या. तेरवीनंतर शिकवणीच्या लॅपटॉपची पिशवी खांद्याला अडकवून मी गेले, तर दार सताड उघडं, पंखा गरगरतोय. काका टेबलाशी रिकामे बसलेले. "आता जरा फिरून या नं काका," मी बोलले आणि जीभ चावली.

"निघालो होतो. चौकातून वापस आलो. घरी जायची घाईच नव्हती वं. मंग बाहेर तरी काहून राहावं?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. "कडी लाव. मले उघडं दार पाहवत नाही."

मी कडी लावली. काकांनी पंखा बंद केला, आप्पेपात्र पुढ्यात ओढलं आणि हात पुढे केला. "दे तो लॅपटॉप."

त्याला काहीही झालेलं नव्हतं. मी तो दिला आणि स्टुलावर बसले.