ग्रहणातली भाकरी

गरोदर बाई ग्रहणात जेवली, तर नेमकं कुणाचं बिघडतं, सांगाल का?

राजारामपुरीत आमच्या गल्लीत एक पिठाची गिरणी आहे. ती चालवणाऱ्या मावशींना गिरणीच्या आवाजावर ओरडायची इतकी सवय, की गिरणी बंद असली तरी त्या ओरडूनच बोलतात. पृथ्वी फिरते हे त्यांना मान्य नाही. "फिरतीया तर माझं डबं का पडत न्हाईत रं?" असं विचारून त्या मी वाटलेली विज्ञानाची पत्रकं गिऱ्हाइकांच्या डब्यांखाली अंथरतात.

परवाच्या चंद्रग्रहणाला संध्याकाळी मी पुन्हा पत्रक घेऊन गेलो. गिरणी बंद होती. मावशींची गरोदर सून दुपारपासून उपाशी होती. हलायचंही नाही, म्हणून कोपऱ्यात अवघडून बसलेली.

मी सुरू केलं, "मावशी, ही नुसती पृथ्वीची सावली..."

तेवढ्यात सून हळूच म्हणाली, "आत्ती, चक्कर येतीया."

मावशी उठल्या आणि आतून भाकरी-पिठलं घेऊन आल्या. दारातून शेजारीण ओरडली, "अवो, ग्रहण तरी सुटू दे की!"

"पृथ्वी फिरू दे न्हायतर थांबू दे. पोरगी उपाशी हाय माझी!"

पहिला घास त्यांनी स्वतः खाल्ला, मग ताट सुनेपुढे सरकवलं. ग्रहणाची भीती त्यांच्या मनातून गेली नव्हती, तरी ताट मागे घेतलं नाही. माझ्या एकाही पत्रकाला हे जमलं नव्हतं.

पृथ्वी त्यांच्या लेखी अजून जागची हललेली नाही. पण पुढच्या ग्रहणाला तुमच्या घरात कुणी गरोदर असेल, तर तिला ताट वाढा आणि पहिला घास तिच्यासमोर तुम्ही खा. पृथ्वीचं नंतर समजावता येईल.