दसऱ्याला मी कुसुमच्या दारात पाय पुढे करून गेलो

कुसुम म्हणाली, "तुझं कधी काही पुरं होतं का रे?" ...आणि त्या दुपारी, चरोद्याच्या आमच्या रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर, माझं सगळं बदललं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्या नुकत्याच पेटल्या होत्या, रोज नवीन शेड उभी राहायची आणि माझ्या वयाच्या प्रत्येकाला काही ना काही काम होतं. मला नव्हतं. रायपूरचं कॉलेज मी मास्तरांशी भांडून, वर्गाचं दार आपटून अर्ध्यात सोडलं होतं. नंतर ठेकेदाराची नोकरी धरली... तिथलंही दार आपटलं.

कुसुमची आत्या आमची शेजारीण, त्यामुळे तिचं येणं-जाणं असायचं. मी तिच्यासाठी पार वेडा झालो होतो आणि हे तिला माहीत होतं. त्या दुपारी तिने सांगितलं की दिवाळीनंतर गोंदियाचे पाहुणे तिला बघायला येणार आहेत.

दसऱ्याला सोनं द्यायला घरी ये, म्हणाली, त्या दिवशी बाबा कोणालाच परत पाठवत नाहीत. पण त्याआधी काहीतरी एक पुरं करून ये... काहीही.

आता काय पुरं करायचं? दुसऱ्या दिवशी भिलाईतल्या कॅम्प वन वस्तीच्या बाजारात एका कबाड्याच्या, म्हणजे भंगारवाल्याच्या, दुकानामागे ती दिसली. झोपून चालवायची सायकल! कुणा रशियन इंजिनिअरने दोन सायकली कापून, पाइप जोडून हौसेने बनवलेली आणि मायदेशी जाताना टाकून दिलेली. बसायचं खुर्चीसारखं मागे रेलून, पॅडल पार पुढच्या टोकाला, हँडल सीटच्या खाली. गंजून लाल झाली होती, सीट सडलेली, चेन गायब.

खिशात काही नव्हतं. मी बी.एस्सी.ची पुस्तकं आणून त्याच्या तराजूत टाकली. कबाडी हसला... म्हणाला, फिजिक्स वजनदार असतं, घेऊन जा.

पूर्ण पावसाळा मागच्या व्हरांड्यात गेला. रॉकेल आणि वाळूने गंज घासला. चेन एवढी लांब लागायची की साध्या सायकलींच्या जुन्या चेनी एकमेकींना जोडल्या, तरी एक कडी कायम अडकायची. सीट आईच्या जुन्या बाजेच्या नवारीने विणली. आई म्हणाली, "बाज मोडून बाजच बनवून राहिला." ब्रेकचे रबर फाटक्या टायरमधून कापले.

चालवायला शिकताना गुडघे फुटले ते वेगळेच. पण जमलं. सुसाट जायची ती! ट्रकवाले खिडकीतून ओरडायचे, "अरे देखो, खटिया भाग रही है!" मीही उलटं ओरडायचो... त्यांच्यावर, बैलगाड्यांवर, मधे येणाऱ्या प्रत्येकावर.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी सायकलची पूजा केली. हळद-कुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. शर्टाच्या खिशात आपट्याची पानं भरली आणि निघालो. त्या दिवशी कारखान्यापेक्षा मीच मोठा होतो, खरं सांगतो.

कुसुमचे वडील कारखान्यात फिटर, मूळचे भंडाऱ्याकडचे. ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते, शेजारपाजारचे चार म्हातारे सोनं देऊन तिथेच गप्पा मारत होते. मी रुबाबात वळण घेतलं आणि थेट त्यांच्यासमोर जाऊन थांबलो.

म्हातारे माझ्या पायांकडे बघायला लागले. आणि मग मला दिसलं... मी आडवा होतो आणि माझे दोन्ही तळवे बरोब्बर त्यांच्या तोंडासमोर होते. सणाच्या दिवशी, ज्यांच्या पाया पडायचं त्यांनाच.

"लाता दाखवत येऊन राहिला का बे?" कुसुमचे वडील म्हणाले.

म्हातारे हसले. माझं डोकं सणकलं. सायकलच तशी आहे, असं ताडकन बोलून मी परत फिरणार होतो... तेवढ्यात दारात कुसुम दिसली. तिचा चेहरा पाहून मी सायकल भिंतीला टेकवली, तिच्या वडिलांच्या पाया पडलो, सोनं दिलं. ते उठून आत गेले आणि मलाही आत बोलावलं.

आत गेल्या गेल्या मी सांगून टाकलं की मला कुसुमशी लग्न करायचं आहे. ते खिडकीतून सायकलकडे बघत राहिले. कोणी बनवली, विचारलं. मी म्हटलं, मी. एकट्याने. पूर्ण झाली आहे.

"घंटी कुठी हाय?"

घंटी... मला कधी सुचलीच नव्हती.

"मंग लोक बाजूला कसे होतेत?"

"मी ओरडतो."

"अन् माही पोरगी मी वरडणाऱ्याच्या घरी देऊ?"

मी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा.

ते खुर्चीत बसले, मी दिलेली पानं हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "घंटी लावून ये. मंग बोलू." मी गोंदियाच्या पाहुण्यांचं विचारलं. "त्याईले मी पाहतो. तू पयले घंटी लाव."

पुढे ज्यांना मी आयुष्यभर बाबा म्हणालो, त्या माणसाने मला त्या दिवशी हाकलून दिलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी मला एक काम दिलं... अजून त्यांचे आभार मानतो.

मी उठलो. स्वयंपाकघराच्या दारातून कुसुमने हळूच सांगितलं की दार लावून जा, शेजाऱ्यांची बकरी आत येते.

बाहेर आलो. कडीला हात घातला, दार ओढलं... आणि अजिबात आवाज न करता लावून घेतलं.