नंबर नको, नाव सांग

गड्यांनो, पोस्टकार्ड उघडंच असतं, तेव्हा पारावर सगळ्यांना वाचून दाखवा. आज मला चौक गावात खोली मिळाली.

तुरुंगातून सुटून इथं आल्यापासून तीन घरमालकांनी नकार दिला होता. मी कामाला लागलो त्या गॅरेजच्या शेठनं बाकड्यावर झोपायला आजपर्यंतचीच मुदत दिली होती. म्हणून ठरवलं, या वेळी तुरुंगाचं बोलायचंच नाही.

चौथ्या घरी गेलो, तर घरमालकीण ताराकाकू ओटीवर तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "नाव काय रं तुजं?" मी तुरुंगातल्या हजेरीच्या सवयीनं ताठ उभा राहिलो आणि बोलून गेलो, "दोनशे चौदा, दत्तू."

संपलंच म्हटलं. मग खरं ते सांगितलं, की मारामारी केली आणि दोन वर्षं भोगली. पिशवी उचलली.

काकू हसल्या. "आमी घरात दोघंच. मोजायला नंबर कशाला रं? घे किल्ली. पन दारू पिऊन आलास, तर म्हातारा तुजी हाडं मोजंल."

आता खोलीत बसून लिहितोय. मघाशी भिंतीपलीकडून काकूंची हाक आली, "दत्तू, जेवलास का?" मी पुन्हा ताठ उभा राहिलो, आणि माझं मलाच हसू आलं.

तुमच्या दारात असा कोणी आला, तर त्याला आधी नाव विचाराल ना रे?