आधी उतरू तर द्या

मार्कर कधीही 'झालं' म्हणत नसे. विचारलं, की 'बघून सांगतो' म्हणून उठायचा आणि खरोखरच बघून यायचा. या सवयीने माझं डोकं फिरायचं.

आमची ओळख चाकणच्या कारखान्यातल्या असेंब्ली लाइनवरची. दोघंही कंत्राटी. बोल्ट घट्ट कसला की त्यावर पिवळ्या मार्करने खूण करायची, असा तिथला नियम. आम्ही हुशार मंडळी आधी सगळ्या बोल्टांवर खुणा मारून घ्यायचो आणि मग भराभर कसत सुटायचो. हा लातूरकडचा गडी मात्र एक बोल्ट, एक खूण. शिफ्ट संपताना सगळे ओरडायचे, "ए मार्कर, बस गाठायचीय राव!" हा म्हणायचा, "तुमी व्हा पुढं." नाव तेव्हापासून चिकटलं.

पुढे मी स्वतःच्या हिमतीवर भोसरीत दोन खोल्यांत सॉफ्टवेअरचा धंदा थाटला. मार्करही तोवर सुट्टीच्या दिवशी क्लास करून प्रोग्रामिंग शिकला होता. त्याला बोलावून घेतलं. एका कारखान्याचं काम मिळालं. मशीनच्या प्रोग्राममध्ये कुणी, कधी, काय बदललं याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये उतरवायच्या. महिनाअखेर जुना सर्व्हर बंद होणार होता. तोवर एकही नोंद राहिली तर हे काम गेलं, आणि पुढची ऑर्डरही.

नोंदी उतरवणारं आमचं टूल मध्येच बंद पडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. मार्करने ते थांबलं तिथून पुढे जाईल असं केलं. नोंद पूर्ण उतरली, तपासली, की तिच्यापुढे खूण. पुढच्या वेळी टूल खूण असलेल्या नोंदी सोडून देई. काम चोख, पण गोगलगायीच्या चालीचं. मी भडकलो. "शंभर-शंभरचा गठ्ठा कर. खुणा आधी मारून टाक, नोंदी उतरतील मागून."

"दादा, आधी उतरू तर द्या. उतरलीच न्हाई तर खूण कशाची मारायलात?"

"मालक कोण आहे इथे?"

त्याने मुकाट्याने बदल केला. गुरुवारी वीज गेली आणि टूल गठ्ठ्याच्या मध्यावर बंद पडलं. पुन्हा चालू केलं तेव्हा खुणा पाहून त्या गठ्ठ्यातल्या उरलेल्या नोंदी झाल्याच असं धरून पुढे निघून गेलं. कारखान्याच्या साहेबांना नेमकी त्यातलीच एक नोंद हवी होती. त्यांच्यासमोर मी मार्करकडे बोट दाखवलं. "या माणसाचा हलगर्जीपणा, साहेब."

मार्कर माझ्याकडे बघत राहिला. मग दोन दिवस जुनं-नवं ताडून पाहत त्याने राहिलेली प्रत्येक नोंद उतरवली, सर्व्हर बंद व्हायच्या आत.

माझा राग आहे तो याचाच. तिथल्या तिथे माझ्यावर ओरडला असता तर मीही ओरडलो असतो, विषय मिटला असता. त्याने गुपचूप तळेगावला नोकरी शोधली.

"काय पाहिजे ते बोल, देतो," कळल्यावर मी म्हणालो.

"त्या साहेबाला एक फोन करा दादा. चूक कुणाची ते सांगा. राहतो मी."

सौदा स्वस्तातला होता. पण घासाघीस केल्याशिवाय मला राहवत नाही. "पुढची ऑर्डर हातात येऊ दे, मग करतो की."

त्याने मान हलवली आणि डबा पिशवीत टाकला.

ऑर्डर आली. नंतर आणखी दोन आल्या. साहेब भेटतात, चहा होतो. 'तो निष्काळजी माणूस काढलात ते बरं केलंत' असं मध्येच म्हणतात. मी कप खाली ठेवतो आणि कामाचं बोलू लागतो.

मार्करने थोडं थांबायला हवं होतं.