घाटकोपरची घार

मंगेशचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत बसले होते. "मावशी, आई गेली... झोपेतच." सुलू, माझी खो-खोतली जोडीदारीण. दुसऱ्या दिवशी पेपर आल्यावर मी आधी क्रीडापान उघडलं. तिच्याबद्दल एक ओळही नव्हती. असणार तरी कशी? तिला विसरूनही लोकांना किती वर्षं झाली...

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला घाटकोपरला आमच्या चाळीमागच्या मैदानात आम्ही दोघी खेळायला लागलो. दोघींचे वडील गिरणीत. सुलूचा खेळ बघण्यासारखा होता, पण बघायला कोणी नसायचं. पुढची मुलगी कुठे वळणार हे तिला त्या मुलीच्या आधी कळायचं. दोन बोटं अलगद पाठीला टेकवायची आणि वर "सॉरी हं" म्हणायची! आम्ही हसून हसून खाली बसायचो.

मग मुलुंडच्या एका स्पर्धेत पेपरचा फोटोग्राफर आला. आला होता पाहुण्या नटासाठी. नटाला उशीर झाला, म्हणून त्यानं वेळ घालवायला आमची मॅच टिपली. नेमका त्याच वेळी सुलूनं कधी नव्हे तो सूर मारला. दुसऱ्या दिवशी पेपरात सुलू जमिनीला समांतर, चक्क हवेत, आणि खाली छापलेलं, 'घाटकोपरची घार'. तिची आई पेपर घेऊन चाळभर फिरली, "माझ्या चेडवाचो फोटो इलो!"

पुढच्या स्पर्धेला घार बघायला गर्दी लोटली. गर्दी झाली म्हणून आणखी पेपरवाले आले, त्यांनी छापलं म्हणून आणखी गर्दी. फलकावर संघाचं नाव बारीक आणि घारीचं मोठं. सुलू उठली की पब्लिक ओरडायचं, "सूर! सूर!" कोपरं सोलून निघायची. आमचे सर चिडायचे, "हाताला लागतेय ना समोरची? मग उडतेस कशाला?" ती मान खाली घालायची. मला मात्र एकदा म्हणाली, "लोक त्यासाठीच येतात गं. उद्या आले नाहीत, तर छापेल कोण?" गिरणी बंद पडून तिचे वडील घरी बसले होते, आणि त्या फोटोंमुळेच तिला बँकेत खेळाडू म्हणून नोकरी लागली. फोटोंनी तिचं घर सावरलं, हेही खरंच.

जोगेश्वरीच्या अंतिम सामन्यात आम्ही जिंकल्यातच जमा होतो. फोटोग्राफर खांबाजवळ पालथा पडला होता. त्यानं हात हलवला, "ताई, इकडून मारा, इकडे उजेड आहे!" समोरची मुलगी हाताच्या अंतरावर होती. सुलूनं तिच्याकडे पाहिलं, मग उजेडाकडे पाहिलं... आणि उडाली. उजवा खांदा निखळलेला मी जवळून पाहिला. पेपरात दुसऱ्या दिवशी आलेला तो फोटो तिच्या सगळ्या फोटोंत सुंदर. खाली आपटण्याआधीचा. हॉस्पिटलमध्ये एक वॉर्डबॉय तोच पेपर घेऊन सही मागायला आला. तिनं डाव्या हातानं केली.

ती पुन्हा खेळली नाही. पुढच्या मोसमात पेपरवाल्यांना एक 'वाघीण' सापडली. सुलूनं फोटो निरखून पाहिला. म्हणाली, "बिचारी. हिला आता दर वेळी डरकाळी फोडावी लागणार." मी विचारलं, "वाईट वाटतं का गं?" तिनं पेपरची घडी घातली. मग म्हणाली, "फोटोचं नाही. चाळीमागे आपण खेळायचो ना, कोणी बघत नसताना... तसं एकदा खेळायचंय यार."

आमचं ते खेळणं राहिलंच. तो खांदा कधी पुरता वर गेला नाही. त्या दोन बोटांचा एकही फोटो कोणाकडे नाही. तो खेळ आता एकट्या माझ्याच डोळ्यांत उरलाय.

परवा तिच्या घरी गेले. गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी सुलूच्या छातीइतक्या उंचीवर बांधलेली आहे, तिचा हात पोचेल तिथे. उंचापुरा मंगेश ऑफिसला निघताना सवयीनं वाकून तिच्याखालून गेला. सून म्हणाली, "वर बांधायला हवी आता. रोज ठरवतो, मावशी..."

दोरीवर टॉवेल वाळत होते. मीही वाकले आणि पलीकडे गेले.